‘फोटोशॉप-कोरल फेका, फुकटात तेच मिळतं’ म्हणणाऱ्यांना परभणीच्या डीटीपीवाल्याचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तोच मेसेज मला सहा ग्रुपवरून आला, त्यात एकदा तर सख्ख्या भाच्यानंच पाठवला. मेसेज थोडक्यात असा, की फोटोशॉप-कोरल चोरून वापरणं बंद करा, फोटोशॉपच्या जागी गिंप, कोरलच्या जागी इंकस्केप अन् पानं जुळवायला स्क्रायबस ही फुकटची सॉफ्टवेअरं मशीनवर टाका, सगळं तेच्या तेच होतं, जुन्या फायली उघडतात, मराठी तर त्याहून भारी चालतं, आठ दिवसांत हात बसतो, खर्च शून्य, काही अडलंच तर कोड उघडा आहे, स्वतः दुरुस्त करा. आणि ज्याला जमत नाही तो आळशी नाहीतर चोर. खाली हात जोडलेले अन् तिरंगा.

मी बावीस वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची जुळणी करायलोय. पत्रिका, बिलबुकं, फेब्रुवारीत उरुसाचे अन् एप्रिलमध्ये जयंतीचे बॅनर. इंकस्केप माझ्या मशीनवर आहे आणि रोज उघडतो, तेव्हा मला कुणी कंपनीचा माणूस म्हणू नका. चोरीचं म्हणाल तर कबूल, आमच्या लाईनीत क्रॅकचं कोरल कधीच न वापरलेला माणूस दाखवा अन् माझ्याकडून चहा घेऊन जा. पण बाकीचं एकेक बघू.

‘सगळं तेच्या तेच होतं.’ न्हाई होत भाऊ. दोन वर्षांपूर्वी उत्साहात एक अख्खी लग्नपत्रिका इंकस्केपमध्ये केली, पीडीएफ काढली, छपाईच्या प्लेटा (एकेका शाईची एक) करायला नांदेडला पाठवली, प्लेटा एसटीच्या पार्सलनं आल्या, मशीनवर चढल्या आणि पाच मिनिटांत मशीनवाल्या मामांची हाक आली, “अरे, काळं अक्षर चारी प्लेटांत कामून टाकलंस?” जाऊन बघतो तर ‘चि.’ अन् ‘सौ. कां.’च्या वेलांट्यांना एका बाजूनं गुलाबी कड, दुसऱ्या बाजूनं निळी. नऊ पॉइंटचं अक्षर, चार रंग एकमेकांवर केसभर सरकले की असंच दिसणार. नवरीच्या बापाला हे सांगणार कोण?

चूक प्लेटवाल्याची नव्हती, माझीच होती. इंकस्केपची फाईल म्हणजे एसव्हीजी, त्यातले रंग आरजीबी, म्हणजे स्क्रीनचे, आणि त्यातून निघणारी पीडीएफही आरजीबीच. स्क्रीनवरचा काळा छपाईच्या सीएमवायकेत, म्हणजे निळी, गुलाबी, पिवळी, काळी या चार शायांत, नेला की बहुतेक वेळा चारही शायांत वाटला जातो. कोरलमध्ये मी पॅलेटवरच्या काळ्यावर एक क्लिक करतो अन् तो निव्वळ काळ्याच प्लेटवर जातो, बावीस वर्षांत यावर विचार करायची वेळच आली नव्हती. गिंपचंही तेच. त्याचं २.० व्हर्जन २००४ मध्ये आलं अन् ३.० यायला २०२५ चा मार्च उजाडला, आता त्यात छपाईचा रंग कसा दिसेल ते स्क्रीनवर बघता येतं, काही फॉरमॅटमध्ये सीएमवायके एक्सपोर्टही होतं, पण मुळात चार शायांतच काम करायची सोय अजून नाही.

यावर तोड आहे, आणि ती त्या मेसेजमध्ये नाही. डिझाइन इंकस्केपमध्ये करायचं, एसव्हीजी स्क्रायबसमध्ये घ्यायची, तिथं काळा बदलून निव्वळ काळा करायचा, स्क्रायबसला सीएमवायके चांगलं कळतं, आणि पीडीएफ तिथून काढायची. मी आता असंच करतो. पण एका कामाला दोन सॉफ्टवेअर लागली की ‘तेच्या तेच’ कसं काय म्हणायलेत हे लोक?

फ्लेक्सला मात्र यातलं काही आडवं येत नाही. मशीनचं सॉफ्टवेअर रंग आपले आपण बदलून घेतं, आणि चौकात वीस फुटांवर टांगलेल्या साहेबांच्या वाढदिवसाला कुणी भिंग लावत नाही. फ्लेक्ससाठी बिनधास्त वापरा.

‘जुन्या फायली उघडतात.’ उघडतात हो. लिब्रेऑफिसच्या मंडळींनी कोरलच्या बंद फायलींचा उलगडा करून २०१२ मध्येच ती सोय दिली, इंकस्केपलाही त्याचाच उपयोग होतो, आणि कोरलनं फॉरमॅट उघडा करून दिलेला नसताना हे जमवलं म्हणजे मानलंच पाहिजे. पण उघडणं वेगळं अन् कामाला येणं वेगळं. आमचं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह टेकवतं अन् म्हणतं, मागच्या वर्षीचीच फाईल आहे, फक्त तारीख बदला, दहा मिनिटांचं काम. उघडली की पॉवरक्लिपमधला, म्हणजे गोलात बसवलेला फोटो गोलाबाहेर, अक्षरांना लावलेला कॉन्टूर, म्हणजे बाहेरची कड, भलतीकडेच, आणि मजकूर जुन्या फॉन्टमधला असल्यामुळं ‘सस्नेह निमंत्रण’च्या जागी इंग्रजी चिन्हांची जत्रा. आमच्याकडं म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभणी. वर दुरुस्ती करून परत सीडीआरमध्ये, म्हणजे कोरलच्या फाईलमध्ये, सेव्ह करता येत नाही, अन् पुढच्या दुकानदाराला तर सीडीआरच पाहिजे. बॅनरच्या तयार पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फायली, गिंपमध्ये घेतल्या तर मजकूर अक्षर म्हणून नाही, चित्र म्हणून येतो, म्हणजे नाव बदलायला खोडा अन् नव्यानं टाका.

‘मराठी त्याहून भारी.’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि खरा तेवढा मनापासून मान्य. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी (मोबाईलवर चालतं तेच) टाकलं की ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागं जाऊन बसायचा, जोडाक्षरं सुटी व्हायची, त्यामुळंच तर आम्ही श्रीलिपी अन् तसल्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांना धरून राहिलो. इंकस्केप अन् गिंपमध्ये युनिकोड पहिल्यापासून सरळ बसतं, आपलं ‘ऱ्य’सुद्धा. गिंपमध्ये एक ध्यानात ठेवा, टेक्स्ट टूलच्या खाली भाषेचा रकाना असतो तिथं मराठी निवडा, नाहीतर काही फॉन्टांत श अन् ल हिंदी वळणाचे येतात आणि गुरुजी लोक लगेच पकडतात.

स्क्रायबसची गोष्ट निराळी. त्यात देवनागरी जुळायला लागलं ते २०१७ च्या १.५.३ पासून, तेही चाचणीचं व्हर्जन, पक्कं १.६ आलं जानेवारी २०२४ मध्ये. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्यानं स्क्रायबस टाकलं, मोडकी मराठी बघितली अन् काढून टाकलं तो आळशी नव्हता, त्याचे डोळे शाबूत होते. फॉन्टांचं म्हणाल तर ‘मुक्त’, ‘बलू’ हे ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे फॉन्ट फुकट आहेत अन् झकास आहेत, मी बिलबुकांना सगळीकडं मुक्तच लावतो. पण पत्रिकेवर गणपतीच्या खाली जे वळणदार, वेलबुट्टीचं अक्षर लोकांना लागतं ते फुकटात फार थोडं सापडतं. मुक्त लावून दाखवलं तर एक आजी म्हणाल्या, “हे तर सरकारी नोटिशीवाणी दिसायलंय.” आता आजींना ओपन सोर्स समजावून सांगू का?

‘आठ दिवसांत हात बसतो.’ डोकं बसेल, हात बसत नाही. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार होतात, बाहेर फाईल द्यायच्या आधी आमची बोटं आपोआप तिथं जातात. इंकस्केपमध्ये कंट्रोल-क्यू म्हणजे प्रोग्रॅमच बंद! सेव्ह करायचं का विचारतं म्हणून वाचतो, पण पहिल्या आठवड्यात मी दिवसातून दहादा दुकानाचं शटर पाडल्यासारखं ते बंद केलं असेल. गिंपमध्ये कंट्रोल-एसनं फक्त त्याची एक्ससीएफ फाईल होते, जेपीजी पाहिजे तर एक्सपोर्ट, २०१२ पासून असंच आहे, आणि आमच्या पोरानं एका गिऱ्हाइकाला एक्ससीएफच व्हॉट्सॲप केली, ते बिचारं दिवसभर फोन करायलं की फोटो उघडेना. इंकस्केपच्या प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्डखाली कोरलच्या सवयीचा शॉर्टकटचा तयार संच आहे, तो लावला अन् माझी निम्मी चिडचिड गेली. ही एक ओळ त्या मेसेजमध्ये असती तर मी स्वतः तो पुढं पाठवला असता, शिव्यांच्या जागी.

‘खर्च शून्य.’ ती पत्रिका मी दुसऱ्यांदा पदरच्या पैशानं छापली. पुढं चला.

‘कोड उघडा आहे, स्वतः दुरुस्त करा.’ मी बारावी झालोय. लग्नसराईत सकाळी अकराला दुकानात चार पाहुणे उभे असतात, त्यातला एक आमंत्रितांत काकांचं नाव वर घ्या म्हणतो, दुसरा खाली घ्या म्हणतो, वरून लाईट जाते. इंकस्केपमध्ये सीएमवायके आणायचं काम चालू आहे, ज्यांना कोड कळतो तेच ते करायलेत, आणि ते आलं की पहिली पत्रिका मी त्यातच लावणार आहे. घरच्याच कुणाची तरी लावीन आधी, गिऱ्हाइकाची नको.