कारवान कुत्र्यालाही डॉक्टर लागतो

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांत सध्या एक मजकूर फिरतोय: ‘कारवान, मुधोळ, पश्मी ही शिकारी रक्ताची कुत्री. त्यांना आजार होत नाहीत. जखमेला हळद-तेल आणि दुखण्याला आपलीच गोळी पुरते. भूल त्यांना सोसत नाही, म्हणून ऑपरेशन कधीच करू नका. आणि इंदुरात त्यांचा डॉक्टरही नाही.’ माझ्याकडे सात वर्षांची कारवान कुत्री आहे, म्हणून रामबागेतल्या काकांनी तो मलाही पाठवला. काका, यातली एकच गोष्ट अर्धी खरी आहे.

आधी आजारांचं. पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज हे विषाणूंचे जीवघेणे आजार जात बघून येत नाहीत. उलट रानात धावणाऱ्या कुत्र्याला गोचिड्या जास्त लागतात, कोल्ह्या-मुंगसाशी झटापटही होते. शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, म्हणून मालक घाबरून ‘काटेरी तार लागली’ असं डॉक्टरांना सांगतात. तसं करू नका. चावा कुणाचा होता हे कळलं नाही, तर डॉक्टर रेबीजचा विचार कसा करणार?

हळद-तेलाचं मी भोगलंय. या कुत्र्यांची कातडी पातळ, खाली चरबी जवळजवळ नाहीच. काटेरी तारेला लागलं की टरकन फाटते. सिमरोलच्या बाजूला माझ्या कुत्रीची मांडी अशीच फाटली. तेल लावलं, त्यावर माती बसली, जखम चिघळली. वर एका जाणत्या म्हणवणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून मी तिला आयबुप्रोफेन, म्हणजे माणसांची दुखण्यावरची गोळी दिली. दोन दिवसांत उलट्या आणि डांबरासारखी काळी शी. ही गोळी कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, मूत्रपिंडं निकामी करू शकते. ती वाचली, पण मला ते दिवस अजून आठवतात. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं फडकं बांधा आणि टाक्यांसाठी त्याच दिवशी न्या.

आता भुलीचं, म्हणजे त्या अर्ध्या खऱ्या गोष्टीचं. ग्रेहाउंड या सडपातळ, वेगवान जातीच्या कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासातून हे कळलं की थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं त्यांच्या यकृतात फार सावकाश मोडली जातात आणि अंगात चरबी कमी असल्याने रक्तात रेंगाळतात. कुत्रं तासन् तास शुद्धीवर येत नाही. आपल्या कारवानचा बांधा तसाच, म्हणून तीच काळजी घ्यायची. पण याचा अर्थ भूल नकोच असा नाही. प्रोपोफॉल आणि आयसोफ्लुरेन वायू हे पर्याय आहेत; शरीर पटकन गार पडतं म्हणून पांघरूण आणि ऊब लागते. डॉक्टरांना आधीच विचारा, ‘कोणतं औषध देणार?’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. आणि खोल छातीच्या या कुत्र्यांचं पोट कधी फुगून पिळतं: पोट ढोलासारखं, ओकारी येते पण काही पडत नाही, लाळ गळते. तेव्हा हातात काही तासच असतात. ‘ऑपरेशन कधीच नको’ हे वाचून कुणी थांबलं, तर कुत्रं गेलंच.

रक्ताच्या रिपोर्टचंही तसंच. ग्रेहाउंडमध्ये तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त आणि प्लेटलेट कमी असतात, आणि तेच त्यांचं नॉर्मल. कारवानचा रिपोर्ट वाचतानाही हे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावं, नाहीतर प्लेटलेट कमी दिसल्या म्हणून निरोगी कुत्र्याला गोचीडतापाचं औषध सुरू व्हायचं.

राहिला डॉक्टर नसल्याचा मुद्दा. जातीचा वेगळा डॉक्टर नसतो, काका. नोंदणी असलेला पशुवैद्य हवा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदूरपासून तासाभराच्या आत. १९६२ हा सरकारी पशुचिकित्सेचा फोन नंबर आहे. मात्र कुत्रं ठणठणीत असतानाच एकदा जा, वजन आणि रक्त तपासून तो रिपोर्ट जपून ठेवा. पुढे आजारपणात डॉक्टर त्याच्याशीच ताडून बघतील. माझ्या कुत्रीचा रिपोर्ट गाडीच्या कप्प्यात असतो, लसीच्या पुस्तकाशेजारी.