सर्व्हरवरचा ‘डिजिटल मोर्चा’: एका व्हायरल मजकुराचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: स्ट्रेस टेस्टिंगचे, म्हणजे सर्व्हरवर मुद्दाम विनंत्यांचा भार टाकून तो किती टिकतो हे तपासण्याचे सॉफ्टवेअर कायदेशीर असून फुकट मिळते, मराठीतून कागदपत्रे न देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर सर्वांनी ते एकाच वेळी चालवले, तर तो ‘डिजिटल मोर्चा’ ठरेल, त्यात काहीच चोरले जात नसल्याने गुन्हा होत नाही, आणि एवढ्या गर्दीत कोणी सापडतही नाही. शेवटी एका अ‍ॅपची लिंक दिलेली आहे. मराठी कागदपत्रांची मागणी रास्त आहे, त्याबद्दल दुमत नाही; परंतु या मजकुरातील पहिल्या वाक्याखेरीज काहीही तपासणीत टिकत नाही.

सॉफ्टवेअर कायदेशीर आहे, हे खरे. अपाचे जेमीटर किंवा आयपर्फ यांसारखी साधने अभियंते नेहमी वापरतात. मात्र सर्व्हरच्या मालकाची संमती, आधी ठरवलेली वेळ, टप्प्याटप्प्याने वाढवलेला भार आणि गडबड दिसताच थांबण्याची तयारी असेल, तरच त्या कामाला चाचणी म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ यात कळीचा मुद्दा परवानगीचा आहे, आणि अधिकृत वापरकर्त्याला सेवा मिळू न देणे ही बाब चोरीपासून वेगळी, स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. तेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘काही चोरले नाही’ या बचावाची वेगळी चर्चा करण्याची मग गरज उरत नाही.

मोर्चाचा युक्तिवाद मात्र सहज उडवून लावण्यासारखा नाही. अशा हल्ल्यांना निषेधाचा वैध मार्ग मानावे, अशी याचिका जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेत व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरही मांडली गेली होती. पण बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला तिथे काळ्या दिनाची फेरी निघते, तेव्हा तिच्यातला प्रत्येक जण स्वतःच्या मर्जीने, उघड्या चेहऱ्याने आलेला असतो, आणि त्या फेरीचे वजन याच गोष्टीत असते. सर्व्हरवर लोटणाऱ्या गर्दीत माणसे किती, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण एकटा संगणकही सेकंदाला हजारो विनंत्या पाठवू शकतो. २०१६ सालच्या मिराई बॉटनेटमध्ये, म्हणजे दुरून ताबा मिळवलेल्या उपकरणांच्या जाळ्यात, तर कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मालकांच्या नकळत जुंपले गेले होते. २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा सर्व्हर शोधून देणारी सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर, झालेल्या हल्ल्यामुळे ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा असंख्य लोकांना मिळेनाशा झाल्या. त्या कॅमेऱ्यांना कसला निषेध नोंदवायचा होता, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे. शिवाय रस्ता रोखणारे आंदोलक रुग्णवाहिकेला वाट करून देतात. विनंत्यांच्या पुराखाली दबलेल्या सर्व्हरला आंदोलक कोण आणि अर्जदार कोण, हे सहजासहजी ओळखता येत नाही. खानापूर तालुक्यातील शेतकऱ्याला कर्नाटक सरकारच्या भूमी या जमीन-नोंदींच्या प्रणालीतून हवा असलेला उतारा, विद्यार्थ्याला नाडकचेरीच्या संकेतस्थळावरून लागणारा जात-उत्पन्नाचा दाखला, सेवा सिंधू या सरकारी सेवांच्या संकेतस्थळावरचा अर्ज, हे सारे त्याच पुरात अडकते, आणि त्या अर्जदारांत मराठी माणसेही आहेतच. त्यातच मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे (इंटरनेटवरील जोडणीच्या ओळख-क्रमांकामागे) ठेवतात; तो पत्ता अडवला गेला, की हल्ल्याशी काहीही संबंध नसलेल्या शेजाऱ्याचाही प्रवेश बंद होतो.

गर्दीत कोणी सापडत नाही, हा समजही जुनाच आहे. २०१० मध्ये पेपाल, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांच्यावरील हल्ल्यांत वापरलेले लोइक हे विनंत्यांचा मारा करणारे साधन ते वापरणाऱ्याचा आयपी पत्ता लपवत नव्हते, आणि पेपालवरील हल्ल्याच्या प्रकरणात जुलै २०११ मध्ये अमेरिकेत १४ जणांना अटक झाली. पैसे घेऊन हल्ले करून देणारे वेबस्ट्रेसर हे संकेतस्थळ एप्रिल २०१८ मध्ये पोलिसांनी बंद पाडले, त्यानंतर त्याच्या ग्राहकांचा शोध सुरू झाला. आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात.

राहता राहिली ती लिंक. मार्च २०१२ मध्ये सिमँटेक या संगणक-सुरक्षा कंपनीने दाखवून दिले, की ‘अ‍ॅनॉनिमस’ या हॅकर गटाच्या समर्थकांमध्ये फिरणाऱ्या स्लोलोरिस या हल्ल्याच्या साधनात झ्यूस हा बँकेचे तपशील चोरणारा ट्रोजन, म्हणजे उपयोगी सॉफ्टवेअरच्या आड लपलेला घातक प्रोग्राम, मिसळलेला होता. जुलै २०२२ मध्ये गूगलने अशीच आणखी एक लबाडी उघड केली: रशियन संकेतस्थळांवर हल्ला करण्याच्या नावाखाली वाटले जाणारे अँड्रॉइड अ‍ॅप प्रत्यक्षात एका रशियन हेरगटानेच पसरवले होते. मजकुरातील अ‍ॅप कोणी फोनवर घेतले असेल, तर ते काढून टाकावे, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत, आणि खात्यातून पैसे गेलेले दिसल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.