टॉवर, सदानंद आणि सोनेरी स्टिकर

नव्या मोबाईल टॉवरविरुद्धच्या अर्जावर सही मिळवण्यासाठी सदानंद बराच वेळ फोन कानाला लावून कोणाला तरी मेंदूच्या कर्करोगाची भीती घालत होता, आणि तो फोन संपताच त्याच आवेशाने आमच्याकडे वळला. किरणोत्सर्ग म्हणजे किरणोत्सर्ग, मग तो अणुभट्टीतला असो वा फोनचा, असे त्याचे सूत्र होते.

मीनल पदार्थविज्ञान शिकवते आणि वादात कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे तिच्याशी हरणे अधिकच झोंबते. तिने सांगितले की मोबाईलच्या लहरींमध्ये रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. साध्या दिव्याच्या उजेडाचा एकेक कणही त्यांच्या कणापेक्षा लाखो पटींनी ऊर्जावान असतो, आणि शरीरावर त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे किंचित तापणे. "शिवाय अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते, म्हणून डोक्याला जी काही मात्रा मिळते ती मुख्यतः कानाच्या फोनची असते. टॉवर दूर गेला की फोनला अधिक जोर लावावा लागतो. तुझा अर्ज मंजूर झाला, सदा, तर तुझी मात्रा वाढेल."

सदानंदने अर्जाची घडी घातली आणि हुकमाचे पान काढले : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' ठरवले आहे. ते खरेच आहे. मात्र ते वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे हे सांगते, धोका किती मोठा आहे हे नव्हे. "त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे," विश्वास म्हणाला, "आणि हा रोज सकाळी तो पिऊन आम्हालाही प्यायचा उपदेश करतो."

हसणे थांबल्यावर विश्वासनेच खरी शंका काढली. अमेरिकेतील 2018 च्या प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या होत्या, आणि 13 देशांतील, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरफोन' अभ्यासात सर्वाधिक बोलणाऱ्यांमध्ये एका प्रकारच्या मेंदूच्या गाठीचे प्रमाण जास्त दिसले होते, त्याचे काय?

मीनलने हे झटकून टाकले नाही. त्या उंदरांच्या सर्वांगावर रोज सुमारे 9 तास लहरींचा मारा होता, आणि तरीही लहरी सोसलेले नर इतरांपेक्षा जास्त जगले, असे ती म्हणाली. इंटरफोनमध्ये रुग्णांना जुन्या सवयी आठवून सांगायच्या होत्या आणि काहींनी अशक्यप्राय तास सांगितले. त्याच अभ्यासात सर्वसाधारण वापरणाऱ्यांमध्ये गाठी उलट कमी दिसल्या. "मग फोन मेंदूचे रक्षण करतो, असेही म्हणायचे का?" डेन्मार्कमधील 4 लाखांहून अधिक ग्राहकांच्या पाहणीत वाढ आढळली नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या, 63 अभ्यासांच्या 2024 मधील आढाव्यातही फोन व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. लहान मुलांच्या दीर्घकाळच्या वापराबद्दल अजून अभ्यास हवा, हे तिने मान्य केले. ज्याला धाकधूक वाटते त्याने इअरफोन वापरावा, आणि गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्या सदानंदने आधी त्या सिद्ध झालेल्या धोक्याची काळजी करावी.

सदानंद निरुत्तर झाला असता, पण विश्वासला सोनेरी स्टिकर आठवले. फोनच्या पाठीला चिकटवायचे ते 'किरणरोधक' स्टिकर सदानंदनेच आम्हा सर्वांच्या गळ्यात मारले होते. मीनल म्हणाली की स्टिकर खरोखर लहरी अडवत असेल, तर संपर्क टिकवण्यासाठी फोन अधिक जोराने लहरी सोडेल.

"छे, ते काहीच अडवत नाही! त्यात नुसता रंगीत कागद आहे," सदानंद घाईघाईने म्हणाला.

"मग पैसे परत दे," विश्वास म्हणाला, आणि त्यानंतर टॉवरविषयी कोणालाच काही बोलता आले नाही.