आफ्रिका फिरून आलात? मग इतिहास असा सांगा

व्हिक्टोरिया धबधबा, दोन जिराफ आणि मातोबोच्या डोंगरातली ब्रिटिश खाणमालक सेसिल ऱ्होड्सची कबर एवढं पाहिलं की माणसाला माटाबेलेलँडच्या, म्हणजे आजच्या पश्चिम झिंबाब्वेच्या, इतिहासावर बोलायचा परवानाच मिळतो. परवा सोसायटीच्या हॉलमध्ये असं एक व्याख्यान सोसलं, स्लाइड शोसकट. उद्या तुम्हीही जाऊन याल, तेव्हा चार सूचना आत्ताच देऊन ठेवतो.

सुरुवात ‘तिथं आधी काहीच नव्हतं’ अशी करा. मग तिथल्या एन्देबेले लोकांचा राजा लोबेंगुला राज्य कशावर करत होता, असं कुणीही विचारत नाही.

‘ऱ्होड्सनं देश उभा केला’ म्हणा. सनद, कंपनी, भागधारक वगैरे टाळा, उगाच कुणाला ईस्ट इंडिया कंपनी आठवायची.

आता हुकमी वाक्य: ‘भोळ्या राजानं आपल्या हातानं सही करून दिली.’ इथं हॉल हसतो. हसू द्या. 30 ऑक्टोबर 1888 ला लोबेंगुलानं ऱ्होड्सचा माणूस चार्ल्स रड याच्या करारावर सही म्हणून फुली मारली, हे खरंच आहे. बदल्यात 1000 मार्टिनी-हेन्री बंदुका, लाखभर काडतुसं, दरमहा 100 पौंड आणि झांबेझीवर एक आगबोट. आगबोटीपाशी जरा थांबा, हशा हमखास. मात्र तो कागद खनिजांपुरता होता, जमीन त्यात दिलेलीच नव्हती, हे गिळून टाका. दहापेक्षा जास्त गोरे खाणीवर येणार नाहीत हे वचन तोंडीच राहिलं, कागदावर आलं नाही, तेही गिळा. आणि या भोळ्यानं पुढं काय केलं? दोन सरदार थेट लंडनला राणीपुढं उभे केले. कराराबद्दल गैरसमज आहे, चौकशी होईपर्यंत तो स्थगित, अशी सूचना वर्तमानपत्रात छापून आणली. राणीला पत्र लिहून कळवलं की मी देश देऊन टाकलेला नाही. आणखी काय करायला हवं होतं त्यानं? तरी ऑक्टोबर 1889 मध्ये ऱ्होड्सच्या कंपनीला सनद मिळालीच, त्याच कागदाच्या जिवावर!

कंपनीनं लोबेंगुलाविरुद्ध केलेल्या 1893 च्या युद्धाला ‘चकमक’ म्हणा. मॅक्झिम मशीनगन एकाच बाजूला होत्या, आणि स्वारीत उतरणाऱ्या स्वयंसेवकांना माणशी सुमारे 6000 एकर नि लुटीच्या गुरांत वाटा आधीच कबूल झाला होता, हे जेवणाआधी नको.

युद्धानंतर एन्देबेलेंना ठरवून दिलेल्या ग्वाई आणि शांगानीच्या कोरड्या राखीव पट्ट्यांना ‘पुनर्वसन’ म्हणा. आपल्याकडे चालून जातं.

पण खरं सांगू? त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. वसईच्या तहाचा विषय निघाला की ह्याच मंडळींचा गळा दाटून येतो. मग तिकडचा राजा तेवढा बावळट कसा हो? जमिनीसाठी कंपनीनं, लिप्पर्ट नावाच्या व्यापाऱ्यानं लोबेंगुलाकडून मिळवलेला दुसरा कागद विकत घेतला. 1918 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनंच, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयानंच, तो मालकीहक्कासाठी कुचकामी ठरवला. तोवर जमिनी वाटून झाल्या होत्या, झोपड्यांवर 10 शिलिंग कर बसला होता, 1896 चा उठाव चिरडला होता. मग जमीन एन्देबेलेंना परत मिळाली? छे. जिंकून घेतली म्हणून ती ब्रिटिश राजसत्तेची, असा निवाडा झाला.

यातलं काहीही गुप्त नाही. सहलीला लाखांनी पैसे मोजता, आणि अर्धा तास वाचायला जिवावर येतं? वाचू नका. पण ज्याचा देश असा लुबाडला गेला, त्याच्या फुलीवर माईक हातात घेऊन विनोद करताना थोडी तरी लाज वाटू द्या.