एक टी वाढव

सकाळपासून साडेतीन तास कंपायलर, म्हणजे माझा प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा, एकच पालुपद लावून बसला होता: अनडिफाइन्ड. म्हणजे मी लिहिलेलं फंक्शन अस्तित्वातच नाही. अरे, डोळ्यांसमोर दिसतंय ना! आठ ओळींचं आहे, दर आठवड्याच्या युनिट टेस्टचे मार्क बेरजेला लावतं. मित्राच्या शिकवणीचं काम, म्हणजे फुकट. वर नागपूरचा मे महिना, आणि कूलरमधलं पाणी संपलेलं.

पाणी म्हटलं की शेजारचे काका. आमच्या नळाखाली बादली लावून ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"काय करून राहिला बे?"

"एरर येऊन राहिली, काका."

"फाइलीचं नाव काय?"

काका निवृत्तीनंतर अंकशास्त्री झालेत. त्यांच्या फाटकावरच्या पाटीत स्वतःच्या आडनावाला एक एच जादा आहे. पुतण्याच्या नावात एक ए घुसवला आणि तो तलाठी झाला, असं ते सांगतात. पुतण्याने चार वर्षं अभ्यास केला होता, हे सांगत नाहीत.

मी म्हटलं, "युनिट अंडरस्कोर टेस्ट डॉट गो."

काका बोटं मोडत पुटपुटले. "युनिटचे सोळा, टेस्टचे सोळा. बत्तीस. म्हणजे पाच. बुध! चंचल माणूस, टिकत नाही."

"आणि गो?"

"ते आडनाव. ते नको मोजू. शेवटी एक टी वाढव. छत्तीस, म्हणजे नऊ. मंगळ."

तिकडे बादली भरून वाहत होती. ते जावेत म्हणून मी टी वाढवला.

चाललं.

कारण साधं आहे, आणि म्हणूनच संताप येतो. गो भाषेत फाइलीचं नाव अंडरस्कोर टेस्टने संपलं की ती चाचणीची फाइल समजली जाते आणि नेहमीच्या बिल्डमध्ये, म्हणजे प्रोग्राम तयार करताना, घेतच नाहीत. शेवट अंडरस्कोर विंडोजने झाला, तर ती फक्त विंडोजसाठी. नियम ठीक आहे हो. पण एरर दाखवताना 'ही फाइल मी सोडली' एवढं सांगायला काय जातं? जावा या दुसऱ्या भाषेत पब्लिक क्लासचं आणि फाइलीचं नाव जुळलं नाही, तर कंपायलर कोणतं नाव द्यायचं ते तोंडावर सांगतो. इथे मात्र घरातल्या माणसाला दाराबाहेर ठेवायचं, आणि वर विचारायचं, कोण हा?

हे सगळं मी काकांना समजावलं. "तेच तर म्हणतो मी, नावात दोष होता," म्हणत ते बादली घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की इंजिनीयरला जमलं नाही ते काकांनी एका अक्षरात केलं. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एकाने मला काकांची फी विचारली. मला!

दुसऱ्या दिवशी इरेला पेटून मी फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांत 'गुणपत्रक' केलं. चाललं. काकांच्याच कोष्टकाने बेरीज केली: बत्तीस. पाच! तसाच उठून त्यांच्या फाटकाशी गेलो.

काकांनी दोनदा मोजलं. मग आत कॅलेंडरकडे बघून आले.

"आज बुधवार आहे ना बे. आज चालणारच."