कोण काय बनवू शकतं याची यादी सरकारकडे हवी, आणि ती कायद्याने हवी

७ मे २०२५ ला देशभर सिव्हिल डिफेन्सचं मॉक ड्रिल झालं, मुंबईतही भोंगे वाजले, लोकांनी सहकार्य केलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून आज सविस्तर लिहितोय. माझा साकीनाक्याला छोटा गाळा आहे, टूलरूमचं काम, म्हणजे साचे आणि अवजारं बनवायचं. आमच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवाले आहेत, वायरकटवाले आहेत, प्लेटिंग, स्प्रिंग, प्लास्टिक मोल्डिंग, शीट मेटल सगळं आहे. आणि इतक्या वर्षात एकाही सरकारी खात्याने आम्हाला विचारलेलं नाही की उद्या देशावर वेळ आली तर तुम्ही काय बनवू शकता, किती दिवसात बनवाल आणि त्यासाठी तुम्हाला काय लागेल.

कोविडमध्ये आपण हे भोगलंय. मार्च २०२० मध्ये पीपीई किट हवे झाले तेव्हा शिवणारे हात मुंबईत भरपूर होते, धारावी, साकीनाका, कुर्ला, शिलाई मशीनची कमी नव्हती. अडलं कुठे? शिवणीवर लावायच्या सीलिंग टेपवर आणि ती टेप गरम हवेने चिकटवायच्या मशीनवर, कारण सुईच्या भोकातून विषाणू आत जाऊ नये तर शिवण सील करावी लागते. आणि तयार किट टेस्ट करायची लॅब सुरुवातीला एकच, कोइम्बतूरची सिट्रा ही कापड संशोधन संस्था! म्हणजे इथे शिवलेलं सॅम्पल तिकडे पाठवायचं, तेही लॉकडाऊनमध्ये. नंतर देशाने जी झेप घेतली ती खरंच अभिमानाची आहे, मे महिन्यापर्यंत रोज लाखोंनी किट तयार व्हायला लागले. पण मधल्या त्या आठवड्यांत आपल्या नर्सेस रेनकोट घालून वॉर्डात उभ्या होत्या. टेप कुठे बनते, कोण बनवू शकेल, दुसरी लॅब कुठे उभी राहील, हे शोधायला संकट यायची काय गरज होती?

सरकारने हातावर हात ठेवला होता असं मी म्हणत नाहीये. १३ मार्च २०२० ला मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली आणले, आठवड्याभरात दर बांधले, तीन पदरी मास्क १० रुपये, मास्कच्या आतल्या गाळणीच्या थराला लागणाऱ्या मेल्टब्लोन कापडाचाही दर बांधला. पण दर बांधून कापड तयार होत नाही. तो कायदा १९५५ चा, टंचाईच्या काळातला, त्याचा सगळा भर साठेबाजी रोखण्यावर आणि भाव धरून ठेवण्यावर. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा घ्या, त्यात कलम ६५ खाली वाहन, जागा, साधनसामग्री ताब्यात घेता येते आणि ६६ खाली भरपाई मिळते. ठीक आहे, पण ताब्यात घ्यायला वस्तू आधी असावी लागते ना. जी वस्तू अजून बनलेलीच नाही ती वेळेत बनावी म्हणून कारखान्यांशी आधीच बोलून ठेवायचं, ही सक्ती आपल्याकडे कुठल्याच कायद्यात सरकारवर नाही.

ऑक्सिजनचं तर काय सांगू. एप्रिल २०२१, एका रात्रीत महापालिकेने सहा हॉस्पिटलमधले १६८ पेशंट ऑक्सिजन संपत आला म्हणून हलवले. ज्यांनी ते केलं त्या डॉक्टर, वॉर्डबॉय, ड्रायव्हर सगळ्यांना हात जोडून नमस्कार. दोन दिवसांनी, १९ एप्रिलला, कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली, आणि ती निघायच्या आधी रेल्वेला तपासत बसावं लागलं की वॅगनवर चढवल्यावर कुठला टँकर ओव्हरहेड वायरखालून, बोगद्यांतून, पुलांखालून पास होईल. त्यात ३३२० मिलिमीटर उंचीचं मॉडेल चालेल असं ठरलं. हे मोजमाप कुठल्याही साध्या वर्षी चहा पिता पिता करून फाईलला लावता आलं असतं हो! नायट्रोजन आणि आरगॉनचे टँकर ऑक्सिजनसाठी बदलून घेता येतात हेही तेव्हाच आठवलं. त्यात जे दिवस गेले त्यांची किंमत माणसांनी दिली.

अमेरिकेचं सगळंच चांगलं असं माझं मत नाही पण या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. कोरियाच्या युद्धाच्या वेळी, १९५० मध्ये त्यांनी डिफेन्स प्रॉडक्शन अ‍ॅक्ट केला. त्यात सरकार एखाद्या कंपनीला सांगू शकतं की आमची ऑर्डर आधी, बाकीच्या नंतर. पण त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याच कायद्यात कारखाना वाढवायला सरकार पैसा किंवा खरेदीची हमी देऊ शकतं आणि कुठल्या उद्योगाची काय क्षमता आहे याची माहिती गोळा करू शकतं. शिवाय तो कायदा कायमचा नाही, ठराविक मुदतीने संसदेपुढे परत न्यावा लागतो. २०२० मध्ये याच कायद्याखाली जनरल मोटर्सला व्हेंटिलेटर बनवायला लावले. आणि २०२१ मध्ये त्याच कायद्यामुळे लसीचा कच्चा माल अडतोय म्हणून आपल्या पुण्याच्या सीरम या लस कंपनीला जाहीरपणे अमेरिकेच्या अध्यक्षांकडे विनंती करावी लागली. म्हणजे दुसऱ्या देशाकडे असा कायदा आहे आणि आपल्याकडे नाही, याचाही फटका आपल्यालाच बसतो.

आणि आपल्याला हे अगदीच परकं आहे असंही नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव दिल्लीला गेले, त्याच नोव्हेंबरमध्ये संरक्षण उत्पादनाचं स्वतंत्र खातं उभं राहिलं, आणि १९६५ मध्ये, तेच संरक्षणमंत्री असताना, संरक्षण पुरवठ्याचं वेगळं खातं काढलं ते खास खाजगी कारखाने आणि लष्करी उत्पादन यांची सांगड घालायला. पराभवानंतर शहाणपण आलं हे खरं, पण आलं आणि त्याचं खातं झालं. फक्त ते लष्करापुरतं राहिलं. आज संकट म्हणजे फक्त युद्ध नाही, साथ आहे, पूर आहे, समुद्रात जहाजं अडली तर सुट्या भागांची टंचाई आहे, औषधांचा कच्चा माल आहे.

मग माहिती कुठून आणायची? अर्धी तर सरकारकडे आहेच. छोट्या उद्योगांच्या नोंदणीचं जे सरकारी उद्यम पोर्टल आहे, त्यावर आम्ही सगळे रजिस्टर आहोत. पण तिथे विचारतात काय, तर एनआयसी कोड (धंदा कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा), मशीनरीत गुंतवणूक किती, माणसं किती, टर्नओव्हर किती. माझ्याकडे मोल्डिंग मशीन किती टनाचं आहे, टॉलरन्स किती धरता येतो (म्हणजे माप किती अचूक निघतं), क्लीनरूम म्हणजे धूळमुक्त खोली आहे का, हे कोणी विचारत नाही. आणि संकटात कामाची माहिती नेमकी हीच आहे.

हे मागितलं की लगेच कोणीतरी म्हणेल, परत इन्स्पेक्टर राज. भीती खरी आहे, मलाही आहे, आमच्या धंद्यात प्रत्येकाला आहे. म्हणूनच कायद्यात स्पष्ट लिहा की ही माहिती टॅक्सवाल्यांकडे किंवा दुसऱ्या कुठल्या खात्याकडे जाणार नाही, आणि छोट्या युनिटने फॉर्म भरला नाही तर दंड नाही. त्याच्या बदल्यात जो नाव नोंदवेल त्याला काहीतरी मिळू द्या. आमच्या ओळखीतल्या एकाने २०२० मध्ये कर्ज काढून मास्कचं मशीन घेतलं, काही महिन्यांत ऑर्डर आटल्या, मशीन ताडपत्रीखाली गेलं, हप्ते मात्र चालूच. पुढच्या वेळी तो माणूस कशाला पुढे येईल? म्हणून ऑर्डर देतानाच अ‍ॅडव्हान्स, दर ठरवायचं सूत्र आधीच लिहिलेलं, आणि गरज संपली तरी अमुक इतका माल सरकार उचलेलच ही हमी, हे सगळं कायद्यात पाहिजे, मंत्र्याच्या आश्वासनात नको. छोट्या उद्योगाला ४५ दिवसात पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे आणि पैसे किती दिवसात येतात ते आम्हाला विचारा.

आणि वर्षातून एकदा ड्रिल घ्या, भोंग्याचं घेतलं तसं कारखान्यांचं. एक वस्तू निवडा, समजा ऑक्सिजनचा फ्लोमीटर, ड्रॉइंग द्या, आणि बघा मुंबई-ठाणे-तळोजा पट्ट्यात सॅम्पल किती दिवसात निघतं, टेस्टिंगला कुठे अडतं, पितळ कोणाकडे आहे. त्या एका ड्रिलमधून जे कळेल ते कुठल्याही रिपोर्टमधून कळणार नाही.

नवा कायदा व्हायला वेळ लागेल हे मला माहितीये, त्यामुळे एक लगेच होण्यासारखी गोष्ट. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात महापालिका असलेल्या शहरांसाठी शहरी आपत्ती प्राधिकरण आलंय आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवर आपत्तीचा डेटाबेस करायचा आहे. त्या डेटाबेसमध्ये उत्पादनक्षमतेचा एक भाग जोडा, सुरुवात मुंबईपासून करा. आमच्या इस्टेटच्या असोसिएशनतर्फे आम्ही आमच्या आमदारांना आणि खासदारांना हेच पत्र देतोय, सोबत आमच्या बिल्डिंगमधल्या मशीनची यादीही आम्हीच करून जोडतोय. अंधेरी, भांडुप, वागळे, रबाळे, अंबरनाथ, कुठेही गाळा असेल तर तुमच्या असोसिएशनमध्ये हा विषय काढा, पत्राचा मसुदा हवा असेल तर मला मेसेज करा, मी पाठवतो.