गरिबाचा सेव्हन

माझी परिस्थिती वाईट आहे, असं परवा अमरावतीच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात जाहीर झालं. जाहीर करणाऱ्या काकाजींना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

दर्यापूर तालुक्यात माझा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. पानं जुळवायचा पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं डोंगलवालं, म्हणजे मशीनला किल्लीसारखा तुकडा खोचल्यावरच उघडणारं, सॉफ्टवेअर विंडोज सेव्हनवर चालतं, तेही बत्तीस बिटच्याच. डोंगलचा ड्रायव्हर जुना. चौसष्ट बिटचं विंडोज त्याला दारात उभं करत नाही, आणि इलेव्हन तर बत्तीस बिटमध्ये निघालंच नाही. सेव्हनचे अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला बंद केले. माझी कॉम्प्युटरची मशीन या उन्हाळ्यात बंद पडली. आता तिच्याच वळणाची दुसरी जोडायची होती, बस.

काकाजी वरूडकडचे. संत्र्याच्या बागेत वांदरं येतात म्हणून कॅमेरे लावलेले, आणि त्याचा रेकॉर्डिंगचा डबा, डीव्हीआर, घेऊन आलेले. "वांदरं दिसतेत, पन रेकॉर्डच होत नाई." रेकॉर्ड करून ते कोणाला दाखवणार होते, ठाणेदाराला? पण हे विचारायचं राहिलं, कारण तोवर त्यांचं लक्ष माझ्याकडे वळलं होतं.

काउंटरवरचं पोरगं बाराव्या पिढीचा प्रोसेसर दाखवत होतं. मी म्हणालो, चौथ्या पिढीचा दे. इंटेलनं सेव्हनला सहाव्या पिढीपर्यंतच सांभाळलं, आणि सहावीतही जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकला. नवा यूएसबी सेव्हनच्या इन्स्टॉलरला कळत नाही. पडद्यावर 'पुढे जा' येतं आणि कीबोर्ड-माऊस मेलेले! म्हणून मला २०१३ चा आय-फाइव्ह हवा होता, एच-एटीवन मदरबोर्ड, त्यावर जुन्या कीबोर्डचा गोल पिनचा पीएस-टू पोर्ट, आणि कपॅसिटरची डोकी न फुगलेली.

"जुनंच पायजे काय भाऊ?" काकाजींनी मायेनं विचारलं.

"हो काकाजी."

"रॅम सोळा टाकू?" पोरगं.

"चार." बत्तीस बिटच्या सेव्हनला चार जीबीच्या वर दिसतच नाही. हे मी समजावलंही. काकाजींनी फक्त 'चार' ऐकलं आणि जीभ चुकचुकवली.

"एनव्हीएमई?"

"नको, साधी साटा एसएसडी." सेव्हनच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई ही नवी, वेगवान डिस्क ओळखू येत नाही.

"वायफाय?"

"नको. नेट जोडायचंच नाही." अपडेट बंद झालेली मशीन नेटवर सोडायची म्हणजे घर उघडं टाकून जत्रेला जायचं.

"नेट बी नाई!" काकाजींचा आवाज भरून आला. मग ते पोराकडे वळले. "काहून रे बाबू, इलेव्हन केवढ्याचं हाये? त्याच्यापाशी अकराचे पैसे नाईत म्हनून तो सातचं मांगून रायला. सात बी झेपत नसन त दुसरं लहान दाखव ना त्याले. सहा नाई काय? पाच?"

दुकानात टोनर भरायला आलेले दोघं हसले. मी 'तसं नाही हो' म्हणालो, पण 'तसं नाही' हे वाक्य गरीब माणूसच म्हणतो. काकाजींनी माझ्या वतीनं भाव सुरू केला आणि खरंच तीनशे रुपये तोडून घेतले. आणि मग मी एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय मागितला, दुकानातला सगळ्यात महागडा.

काकाजींचा चेहरा पाहण्यासारखा होता. "घरात दाना नाई अन् पंख्याच्या डब्याले येवढे पैसे?"

काय सांगणार? आमच्याकडे वीज येते तेव्हा ती कशी येते, हे मे महिन्यातला दिवा बघून समजतं. कधी काजवा, कधी सूर्य. इथे प्रोसेसर मरत नाही, पॉवर सप्लाय मरतो, आणि जाताना बोर्डाला सोबत नेतो. भरवशाची मशीन जोडायची तर पहिला पैसा त्यात घालावा, मग अर्थिंगमध्ये, मग उरलं तर बाकीच्यात. हे वरूडच्या माणसाला मी सांगायचं?

मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. तिच्या ड्रायव्हरला कोणी किराणा दुकानात थांबवून 'परिस्थिती नाई काय' असं विचारलं नसणार. मी चालणारं काम चालू ठेवू पाहतो, तर मी भिकारी. माझ्या जुन्या फाइली आजच्या युनिकोड फॉन्टमध्ये उघडल्या की नवरीचं नाव चौकोन आणि टिंबं होतं, ते कोण दुरुस्त करणार? नवं घ्या म्हणणारा? त्याचं काय जातंय! इतकी वर्षं रोज उठून काम करणाऱ्या वस्तूला 'असमर्थित' ठरवायचा हक्क नक्की कोणाचा, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

बिल बनत होतं. काकाजींनी डीव्हीआर काखेत मारला आणि जवळ आले.

"पत्रिका छापता म्हंता ना? पुतनीचं लगन हाये. पाचशे कितीले पडन?"

मी दर सांगितला.

काकाजी दोन पावलं मागे सरकले, मला वरपासून खालपर्यंत नव्यानं पाहिलं आणि पोराला म्हणाले, "हा मानूस गरीब नाई रे बाबू. ते तीनशे लाव परत."